चाळीस वॅट

मसाला मार्केटात बावीस वर्षं रोजकीर्द लिहितेय मी.
तेरा रुपयांचा फरक आला
तरी मागची सगळी पानं उलटायची,
ही हाताला लागलेली खोड.
म्हणून एप्रिलचं बिल आलं, एकशे अठ्ठ्याऐंशी युनिट,
तेव्हा मी ओरडले नाही. चष्मा लावला.

आधी फ्रिज.
दारात दहाची नोट धरली, दार लावलं, नोट ओढली.
वाळल्या शेंगेतून दाणा सुटावा तशी सुटली.
रबर बदललं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला,
मागे निघाल्या दोन गोट्या आणि कुठल्याशा साली हरवलेली राखी.
पश्चिमेची भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी,
तिच्या खिडकीला बाहेरून चिकाचा पडदा बांधला,
कारण ऊन एकदा काचेच्या आत आलं
की पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकतं.
पंखे नवे घेतले, हप्त्यावर.
गिझर पाच मिनिटांचा केला. त्यावरून घरात चार दिवस अबोला.
"आई, श्वासपण मोजून घेऊ का?" म्हणाली मृण्मयी.

पुढचं बिल एकशे एकतीस.
घरातल्यांनी आइस्क्रीम आणलं.
मी वही उघडली.
माझ्या हिशोबानं यायला हवे होते एकशे दोन.

एकोणतीसचा फरक.

रविवारी सगळे झोपल्यावर घरातला मेन स्विच पाडला
आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत
स्टूल टाकून बसले.
कोपरखैरण्यात इतकी शांतता असते, मला माहीत नव्हतं.
आमच्या नावाच्या मीटरवर लाल ठिपका.
लुकलुकला.
अठ्ठावीस सेकंदं.
पुन्हा लुकलुकला.
बत्तीसशे लुकलुकी म्हणजे एक युनिट, मीटरवर छापलेलं असतं ते.
गुणलं, भागलं, पडताळलं:
चाळीस वॅट. चोवीस तास. महिनाभर.
आख्खं घर बंद, तरी चाळीस वॅट खातंय कोण?

मढवींच्या घरी माशांची पेटी आहे.
तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू रात्री उशिरा येतात.
समोरच्या वहिनी हल्ली फार गोड बोलतात.
दहा मिनिटांत मी तीन घरांवर आळ घातला होता.

मग आकडा नीट टिपावा म्हणून
वही उजेडाकडे वळवली
आणि वर पाहिलं.

बल्ब. पिवळा. जळमटात गुरफटलेला. याला बटण कुठेच नाही.
पदर हाताला गुंडाळून काढला.
अंधारात बसून शंभरापर्यंत मोजलं, मग दोनशेपर्यंत.
ठिपका उठलाच नाही.

म्हणजे ज्या उजेडात मी चोर शोधत होते
तो उजेड माझ्याच खात्यावर होता.

वायरमन दस्तगीर म्हणाला,
"बिल्डिंग झाली तेव्हा जवळचा मीटर बघून जोडला असेल कोणी.
कापू?"
मढवी म्हणाले, "कॉमन मीटरवर घ्यायचा तर ठराव लागेल.
सभा सप्टेंबरात."
पेपरवाला केरबा काहीच जाणत नव्हता, तो म्हणाला,
"ताई, बल्ब गेलाय तिथला. पहाटे चारला
मोबाइल दातात धरून पुरवण्या घातल्या मी.
तुमच्या अंकात क्रीडा दोनदा आलं असेल."

आलं होतं.

संध्याकाळी नऊ वॅटचा एलईडी घेतला
आणि स्टुलावर चढून मीच लावला.
पांढरा उजेड पडला तशी मीटरमागून मांजर उठून गेली,
तिला तो जुनाच बरा होता बहुतेक.

आता एका ठिपक्यासाठी
दोन मिनिटं पाच सेकंदं थांबावं लागतं.
थांबले.
वहीत नवं पान काढलं, वर लिहिलं: जिना.
महिना साडेसहा युनिट.

खर्चाला टाकायचे की येणे धरायचे,
ती जागा
पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.